चौथी खाट

२१ डिसेंबर २००३, हिंगोली

डायरी लिहायची सवय सुटली होती. आज पुन्हा धरली, कारण या वेळी लिहिण्यासारखं काही घडणार आहे. आम्ही आठ जणी बर्फात जाणार आहोत.

मी शाळेत खेळ शिकवते. हिंगोलीत खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो, हे ऐकून ऐकून कान किटले. म्हणून मी स्टाफरूममध्ये जाहीरच करून टाकलं, फेब्रुवारीत औली, हिमालयात. पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरायचं. सगळ्या हसल्या आणि सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात आधी हात वर केला शिलाने. ती भूगोल शिकवते. सहावीला चार वर्षं हिमवर्षाव शिकवते आणि बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला. साखऱ्याजवळच्या तांड्यावरची पोरगी, उंच, कमी बोलणारी. आठांतली पुजा मात्र शाळेतली नाही, सिव्हिलला नर्स आहे. कनेरगाव नाक्यावर वडिलांच्या ढाब्यात वाढली, त्यामुळे आवाज रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल असा.

सरकारी विश्रामगृह भरलेलं आहे. नांदेडच्या एका ट्रेकिंगवाल्या सरांनी अख्खं घर भाड्याने मिळतं म्हणून पत्ता दिला. जोशीमठच्या वर, रस्त्यापासून तासाभराची चढण. दोन खोल्या, प्रत्येकीत चार खाटा. मालक नेगीजी, फौजेतून निवृत्त. आठ खाटा, आठ जणी. मला असं बराबर जुळलेलं आवडतं.

४ जानेवारी २००४

पाच जणींनी माघार घेतली. एकीच्या सासूला बर्फ म्हटल्यावर न्यूमोनिया दिसला. एकीच्या नवऱ्याने रजा नाही म्हणून सांगितलं, जणू रजा त्यालाच काढायची होती. उरलेल्या तिघींनी तर कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. मनातल्या मनात मी पाचही जणींना मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या.

उरलो मी, शिला आणि पुजा. एसटीडी बूथवरून नेगीजींना फोन लावला. त्यांच्याकडे घराचा फोन नाही, खालच्या दुकानात येऊन बोलतात. आम्ही तिघीच येतोय, एवढं सांगितलं. ते म्हणाले, चारपेक्षा कमी माणसांना मी घर देत नाही. फौजेतला नियम आहे. बर्फात एक पडला, तर एकाने त्याच्याजवळ बसायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं. एकट्याने चालायचं नाही.

नियम शहाणपणाचा आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हणाले, "नहीं नहीं, हम चार हैं." खोटं इतक्या सहज निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. ते म्हणाले, मग चौघींची नावं आणि वयं पत्राने कळवा, यादी मी दारावर चिकटवतो. कोणी हरवलं तर शोधणाऱ्याला आकडा माहीत पाहिजे.

बूथच्या बाकड्यावर बसून मी पत्र लिहायला घेतलं. तीन नावं झाली. चौथीचं काय लिहू, म्हणून विचारलं.

"मिरा लिवा, ताई," शिला म्हणाली.

"वय?"

"चोवीस. ह्या संक्रांतीला पूर्ण व्हतील."

क्षणभरही थांबली नाही. पुजा हसून म्हणाली, "अगं बाई, ही तर जन्मतारीख घेऊनच बसली!" मीही शिलाची पाठ थोपटली. खोटं बोलावं तर असं, तपशिलासकट.

१ फेब्रुवारी

निघालो. निघताना आईने घोळ घातलाच.

आईचं, म्हणजे सोजराबाईंचं म्हणणं, तिघींनी मिळून कुठं जायचं नसतं. गेलंच तर एक खडा सोबत घ्यायचा, म्हणजे चार होतात. विहारात जायला लागून वीस वर्षं झाली, तरी हे खडेबिडे काही सुटत नाहीत. मी विज्ञानाच्या चार गोष्टी सांगितल्या. तिने ऐकून घेतल्या आणि अंगणातून लिंबाएवढा काळा खडा उचलून माझ्या हातावर ठेवला.

"येताना आठवणीनं आन. जितके नेले तितके आनायचे आस्तेत. आन् जिथून उचलला तिथंच ठिवायचा."

शिलाने तो खडा माझ्या हातातून घेतला. नळाखाली धुतला, पुसला, आपल्या रुमालात बांधला आणि पिशवीत वरच्या वर ठेवला. आई तिच्याकडे बघतच राहिली. मला म्हणाली, "ह्या पोरीला कळतंय." बस सुटायची होती, मी पिशवी उचलली.

५ फेब्रुवारी, नेगीजींचं घर

पोचलो. नांदेडहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, तिथून दिवसभर बस. चढण चढताना पुजाचं बोलणंसुद्धा थांबलं, म्हणजे चढण किती होती ते समजून घ्यावं.

घर लाकडाचं आहे, छतावर हातभर बर्फ. दारावर आमची यादी. माझंच अक्षर, दीक्षा, शिला, पुजा, मिरा. मी वाटेत सांगायचं ठरवून ठेवलं होतं, चौथी ऐनवेळी आजारी पडली म्हणून. पण गरजच पडली नाही. नेगीजी दारात उभे होते. सत्तरी उलटलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसतो. त्यांनी आमच्याकडे बघत बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "चारों आ गईं. अच्छा." आणि जळण रचायला लागले. मोतीबिंदू आमच्या पथ्यावर पडला.

आम्ही एकाच खोलीत झोपणार. शिलाने खिडकीजवळच्या चौथ्या खाटेवर घोंगडी अंथरली, उशी ठेवली आणि उशीवर तो खडा. नेगीजी आत डोकावले तर संशय येऊ नये म्हणून. एवढं मला सुचलं नसतं.

इथे आवाज नाही. हिंगोलीत पहाटेसुद्धा कुठे तरी पंप चालू असतो. इथे स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि तो आपला एकटीचा वाटत नाही.

७ फेब्रुवारी

आज बावीस वेळा पडले. शिकवणारा म्हणतो, पडणं आलं की अर्धं शिक्षण झालं. शिला एकदाही पडली नाही. संथपणे उतरते, डावा हात किंचित बाहेर काढून. शिकवणारा सांगून थकला, हात मोकळा सोडा. ती म्हणाली, "सोडता येत न्हाई."

दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण मला टापटीप आवडते आणि या बसत नाहीत. एक, सकाळी शिला चार कप चहा करते आणि चारही कप रिकामे होतात. मला वाटलं पुजा दोन पिते. पुजाला वाटलं मी. दोन, खिडकीबाहेर पावलं उमटलेली आहेत. लहान, माझ्या वितीएवढी. खिडकीपाशी सुरू होतात आणि उतारावर आम्ही जिथे शिकतो तिथपर्यंत जातात. पुजाला म्हटलं, कोल्हं असेल. ती म्हणाली, "ताई, कोल्ह्याला पाच बोटं आस्तेत का?" मग मी म्हटलं, खालच्या वस्तीतलं लेकरू असेल. अनवाणी का असेल, हे तिने विचारलं नाही आणि मीही त्या वाटेला गेले नाही.

९ फेब्रुवारी

सकाळपासून बर्फ पडत होता. जळण आणायला म्हणून पुजा मागच्या पडवीत गेली आणि घसरली. घोटा बघता बघता सुजला. ती स्वतः नर्स, हात लावूनच म्हणाली, हाड गेलंय. एवढी मोठ्या आवाजाची बाई, पण रडायला लागली तर आवाजच नाही.

नेगीजी राहतात खालच्या वस्तीत, तिथे जाऊन त्यांना आणायला हवं होतं. एकीने पुजाजवळ बसायचं, दोघींनी जायचं. नियम तोच होता. फक्त दोघी नव्हत्या.

जायला मीच हवी होते. वयाने मोठी मी, खेळाची शिक्षिका मी, सगळ्यांना घेऊन आले मी. दार उघडलं तर पाच पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. खरं लिहायचं तर मी घाबरले. मी म्हणाले, पुजाजवळ मला बसायला पाहिजे. शिला बूट घालतच होती. म्हणाली, "तुमी बसा ताई. आमी दोघी जाऊन येतो."

घाईत बोलली असेल. तिने चौथ्या खाटेवरचा खडा रुमालात घेतला आणि रुमाल डाव्या मुठीत धरला. मी थांबवलं नाही. दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली, वाऱ्याने उघडू नये म्हणून.

तीन तासांनी आले सगळे. नेगीजी, पाळण्यासारखी डोली घेतलेली दोन माणसं आणि शिला. नेगीजी माझ्यावर भडकतील असं वाटलं होतं. पण ते खुशीत होते. म्हणाले, नियम पाळलात, दोघींना पाठवलंत. "वो जो छोटी है ना, उसे रास्ता याद था. आगे-आगे वही चल रही थी."

मी समजले, ते शिलाबद्दल बोलतायत. आत्ता लिहिताना लक्षात येतंय, शिला आमच्यात सगळ्यात उंच आहे.

१२ फेब्रुवारी, हरिद्वारच्या वाटेवर

पुजाच्या पायाला जोशीमठला प्लास्टर घातलं. परत निघालो.

सामान मीच आवरलं, कारण शिला पुजाच्या डोलीसोबत आधीच खाली गेली होती. खडा पुन्हा खाटेवर ठेवलेला होता, उशीला मधोमध खळगा पडलेला. लिंबाएवढ्या खड्याने इतका खळगा पडत नाही. मला एकदम राग आला. या खड्याचा, आईचा, सगळ्याचाच. मी खडा उचलला तर तो गरम होता. खिडकीतून ऊन येत होतं, हे कारण आहे. मी तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

बसमध्ये शिलाने विचारलं, "खडा घेतला ना ताई?"

मी हो म्हणाले.

ती खिडकीची जागा रिकामी सोडून बसली होती. अजून तशीच बसली आहे.

१६ फेब्रुवारी, हिंगोली

आईने दारातच हात पुढे केला. मी खरं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडेल. ती खाली बसली.

"आगं, तो नुसता खडा न्हाई ऱ्हात. आपन त्याला मानूस म्हनून नेला. नाव ठिवलं व्हतं का?"

"तिथं एक नाव लिहिलं होतं. उगाच. घर मिळावं म्हणून."

आई उठून अंगणात गेली आणि खडा उचललेली जागा झाडून आली.

२८ फेब्रुवारी

आज मधल्या सुट्टीत शिला माझ्याजवळ आली. म्हणाली, खडा द्या, तुमच्या अंगणात मी ठेवते. किती दिवस टाळणार होते मी? सांगितलं. तिथेच राहिला म्हणून.

ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडली. शाळेच्या चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "पुन्हा ऱ्हायली," एवढंच म्हणत होती. "पुन्हा मागं ऱ्हायली."

मी म्हटलं, शिला, अगं दगड होता तो. तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्यासाठी दगडच व्हता, ताई."

११ मार्च

शिला चार दिवस शाळेत नाही. खोलीला कुलूप. पुजा कुबड्या घेऊन आली आणि म्हणाली, तांड्यावर जाऊ. मी रिक्षा केली.

शिलाची आई मोतीबाई. शिला तिला याडी म्हणते. घरासमोर तुरीचं काड रचलेलं, ती त्याच्या सावलीत गोधडी शिवत बसली होती. शिला तिकडेही आलेली नव्हती. मी सगळं सांगितलं, घर, बर्फ, यादी. मिरा हे नाव घेतल्यावर तिची सुई थांबली.

मिरा तिची धाकटी. शिला बारा वर्षांची होती तेव्हा सेनगावच्या बाजाराला निघाली. मिरा मागे लागली, मला ने. शिला म्हणाली, तू चालत नाहीस, रडतेस, मी नाही नेत. ती पळत पुढे गेली. मिरा तिच्या मागे एकटीच निघाली आणि वाटेतल्या बिनकठड्याच्या विहिरीत पडली. पावलं विहिरीपर्यंत गेलेली दिसली, पुढे नाहीत. पंधरा वर्षं झाली.

"नऊ वर्सांची व्हती," मोतीबाई म्हणाली. "शिला दर संक्रांतीला तिचं वय मोजती. मी म्हनते काहून मोजतेस? तर म्हनते, याडी, तिला कुठंतरी न्यायचं ऱ्हायलंय."

मला तिथे बसवेना. मीच ते नाव लिहिलं होतं आणि मीच त्या नावाला खिडकीत ठेवून आले होते. आणि वर शिलाला हो म्हणाले होते.

१५ मार्च

पोलिसांत तक्रार दिली. नेगीजींना पत्र टाकलं. दुकानात फोन लावला तर लाइन बर्फाने पडलेली. पोलीस म्हणतात, पळून गेली असेल कोणाबरोबर. मी तिथल्या तिथे त्यांना सुनावलं. बाहेर आल्यावर वाटलं, एका अर्थी खरंच आहे ते.

शाळेत सहावीच्या मुली विचारतात, शिला बाई कधी येणार. मी त्यांना खो-खो खेळायला लावते. आठ जणी पाटीवर बसतात, नववी पळते, आणि मी दर वेळी दोनदा मोजते.

२ एप्रिल

नेगीजींचं पत्र आलं. हिंदीत, मोठ्या अक्षरात. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"बेटी दीक्षा, तुम्हारा पत्र देर से मिला. चिंता मत करना. तुम्हारी दोनों सहेलियाँ यहाँ ठीक हैं. छोटी तो तुम लोगों के जाने के बाद यहीं रह गई थी, मैंने सोचा कोई लेने आएगा. रोज़ खिड़की में बैठी रहती थी. फिर बड़ी आ गई. अब दोनों साथ हैं. बड़ी कहती है, इसे छोड़कर नहीं जाऊँगी. छोटी चलने को तैयार है, पर कहती है, जो छोड़कर गई वही ले जाए. खाना नहीं खाती. बर्फ़ पिघल रही है, जल्दी आना."

तीनदा वाचलं. म्हातारा भ्रमला आहे, असं पहिल्यांदा वाचताना म्हणाले. दुसऱ्यांदा मोतीबिंदू म्हणाले. तिसऱ्यांदा उठून प्रवासाची पिशवी काढली. शिला जिवंत आहे, एवढं मात्र खरं. मी मोठ्याने रडले. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि मलाच वाचायला लावलं, तिला हिंदी वाचता येत नाही.

४ एप्रिल

पत्र घेऊन तांड्यावर गेले. मोतीबाईला वाचून दाखवलं, एकेका वाक्याचं मराठी करून. शिला सुखरूप आहे, यावर तिने हात जोडले. मग विचारलं, "जेवत न्हाई म्हन्ते व्हय?"

"हो, असं लिहिलंय."

"कशी जेवंल. तिला भाकर दुधात कुस्करून लागती, वर गूळ. त्या लोकान्ला काय ठाव."

ती आत गेली. बराच वेळ पेटीत काही शोधत होती. दोन गोधड्या घेऊन आली. एक मोठी. एक लहान, रंग उडालेली, कडेला कवड्या आणि आरशाचे तुकडे शिवलेले. मागच्या खेपेला ती सांधत बसली होती ती हीच.

"थंडी आसंल तिथं," म्हणाली.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, या वेळी मी आणि पुजा दोघीच जाणार आहोत, खडा घ्यायचा का.

"कशाला? जाताना दोघी, येताना चौघी. बराबर हाय."

६ एप्रिल, नांदेड

सकाळच्या बसने आले. बाळापूरला बस अर्धा तास थांबली, तेव्हा खाली उतरून मी गुळाची एक लहान ढेप घेतली. का घेतली, हे स्वतःलाही सांगितलं नाही.

स्टेशनवर रिझर्वेशनची रांग. जातानाचा फॉर्म पटकन भरला, दोन नावं. परतीचा फॉर्म घेतला. दीक्षा, वय एकतीस. पुजा, अठ्ठावीस. शिला, सत्तावीस. चौथ्या ओळीवर पेन टेकवलं. जानेवारीत बूथच्या बाकड्यावर हेच नाव मी हसत लिहिलं होतं. आज ते एकेक अक्षर बघत लिहिलं.

खिडकीमागच्या माणसाने फॉर्म उलटसुलट पाहिला. "मॅडम, चौथ्या पॅसेंजरचं वय ऱ्हायलं. बारा वर्सांच्या आत आसंल तर हाफ लागतं."

मागे रांग होती. लोक कुरकुरत होते. मी फॉर्म परत घेतला आणि क्षणभरही न थांबता नऊ लिहिलं.

"खिडकीजवळची सीट द्या," मी म्हणाले. "तिला."